जनुकं बदलत नाहीत हो, चालू-बंद होतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी होती, ‘शरीरात शिरताच जिवाणू बदलतात स्वतःची जनुकं’ असं हेडिंग होतं. मी ती दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचाच काहीतरी प्रॉब्लेम असेल. गंमत म्हणजे आत तिसऱ्या पॅराग्राफमध्ये बरोबर लिहिलंय की जनुकांची ‘क्रियाशीलता’ बदलते, पण वर हेडिंगमध्ये जनुकंच बदलून टाकलीत आणि खाली शेवटच्या ओळीत ‘यातूनच औषधांना दाद न देणारे सुपरबग तयार होतात’ असं ठोकून दिलंय. बातमी लिहिणाऱ्याला कळलं होतं आणि हेडिंग देणाऱ्याने घोळ घातला असं माझं मत, पण लोक हेडिंगच वाचतात ना. म्हणून हे पत्र.

मी सायंटिस्ट वगैरे नाही. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये तीस वर्षं प्लेट (जंतू वाढवायच्या, जेलीसारखं खाद्य भरलेल्या थाळ्या) लावल्या, स्लाइड बघितल्या, रिपोर्ट लिहिले आणि रिटायर झालो, एवढंच. पण हा एक मुद्दा असा आहे की त्यावर गप्प बसवत नाही.

जनुक बदलणं म्हणजे म्युटेशन. डीएनएमधलं अक्षरच बदललं, मग ते पुढच्या पिढीत जाणार, तिच्या पुढच्या पिढीत जाणार, सहसा परत मागे फिरत नाही. आणि जनुकाचं काम बदलणं म्हणजे डीएनए जसाच्या तसा, फक्त आत्ता त्यातलं कुठलं जनुक वापरायचं आणि कुठलं गप्प ठेवायचं हे बदललं. पाठ्यपुस्तकात ‘जनुक अभिव्यक्ती’ असा भारी शब्द आहे, आम्ही लॅबमध्ये जीन ऑन झालं, ऑफ झालं असंच म्हणायचो. आपल्याकडे देश तसा वेश म्हणतात तसं आहे हे. कपाट तेच, कपडे तेच, अंगावर काय चढवायचं तेवढं बदलतं. कपडा फाटला किंवा नवीन शिवला तर ते म्युटेशन. टायफॉइड आणि अन्नविषबाधा करणाऱ्या साल्मोनेलाच्या कपाटात साधारण ४,५०० जनुकं आहेत, टीबीच्या जिवाणूच्या सुमारे ४,०००, आणि सगळी एका वेळी कोणीच वापरत नाही, परवडणारच नाही, प्रत्येक प्रोटीन बनवायला खर्च येतो. जनुकं अशी गरजेप्रमाणे चालू-बंद होतात हे जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर काम करून १९६१ साली मांडलं आणि १९६५ ला त्याचं नोबेल मिळालं, म्हणजे काल-परवा निघालेली गोष्ट नाहीये ही.

मला मात्र हे पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. लॅबमध्ये नवीन होतो तेव्हा सेरॅशिया मार्सेसेन्स नावाच्या बॅक्टेरियाची एक प्लेट शनिवारी टेबलावरच राहून गेली, सोमवारी येऊन बघतो तर लालभडक, जणू कोणी शाई सांडलीय. त्यातलीच एक कॉलनी (जंतूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, उचलून दुसऱ्या प्लेटवर रेघा मारल्या आणि ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर सगळ्या कॉलनी पांढऱ्या. एकही लाल नाही! मी सरळ धरून चाललो की माझ्या हातून घाण शिरली, झाकणावर मार्करने ‘कंटॅमिनेटेड’ लिहिलं आणि ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या मशीनकडे, निघालो. आमच्या मॅडम समोरून येत होत्या, त्यांनी प्लेट हातात घेतली, बघितली, हसल्या आणि म्हणाल्या, ‘फेकू नकोस, यातलीच एक पांढरी उचल, नवीन प्लेटवर लाव आणि बाहेर टेबलावर ठेव.’ ठेवली. दोन दिवसांनी लाल. त्यातली लाल परत ३७ ला, पांढरी. मॅडम म्हणाल्या कितीही वेळा कर, हेच येणार. तो लाल रंग बनवायची जनुकं त्याच्याकडे कायमच असतात, ३७ ला ती गप्प बसतात, बास. आता सांगा, यात जनुक कुठं बदललं? बदललं असतं तर पांढरी झालेली कॉलनी परत लाल झाली असती का?

हे ३७ डिग्री प्रकरण फार महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच रोगजंतूंना आपण माणसाच्या आत पोचलो हे कळतं ते आधी उबेवरून. जुलाबाच्या शिगेलाला ३० डिग्रीला वाढवलं तर पेशीत घुसायची त्याची यंत्रणा बंद असते, ३७ ला आणलं की चालू. अन्नातून पोटात जाणारा लिस्टेरिया तर कहर आहे, तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि तिथे त्याचं वागणं अगदी निरुपद्रवी. त्याच्यात पीआरएफए नावाचा एक मुकादम आहे, तो आला की रोग निर्माण करणारी बाकीची जनुकं कामाला लागतात. आता या मुकादमाला बनवायचा जो निरोप असतो ना, म्हणजे आरएनए, तो थंडीत हेअरपिनसारखा स्वतःवरच दुमडलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला सुरुवात कुठून करायची तेच सापडत नाही. ३७ च्या आसपास ती घडी उलगडते आणि निरोप वाचला जातो. ना वेगळा सेन्सर ना काही, निरोपाचा कागदच थर्मामीटर! पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी हे २००२ साली दाखवलं, तेव्हा मी लॅबमध्ये ते वाचून दोन जणांना बळंबळं समजावून सांगितलेलं आठवतंय.

प्लेगचं बघा. हा जिवाणू पिसवेत असताना साधारण २६ डिग्रीला राहतो, तिथे तो चिकट थर बनवायची जनुकं चालू ठेवतो, त्या थराने पिसवेची अन्ननलिका तुंबते, पिसू उपाशी मरायला लागते म्हणून परत परत चावत सुटते आणि चावताना जंतू आत सोडते. माणसात किंवा उंदरात शिरला, ३७ डिग्री लागली, की चिकट थराचं काम बंद, आता अंगावर कॅप्सूलचं, म्हणजे संरक्षक आवरणाचं, पांघरूण आणि पांढऱ्या पेशींत प्रोटीन टोचून त्यांना लुळं पाडणाऱ्या सूक्ष्म सुया तयार. त्यावर कडी म्हणजे आपल्या बाहेरच्या आवरणातल्या चरबीच्या रेणूचा आकारच तो असा बदलतो की आपली रोगप्रतिकारशक्ती एरवी जो रेणू ओळखून बोंब मारते तो तिला नीट ओळखूच येत नाही. ताकास तूर लागू देत नाही म्हणतात ते हे. पिसवेतला प्लेग आणि माणसातला प्लेग, जनुकं तीच.

उबेशिवाय दुसरी खूण म्हणजे लोखंड. आपलं शरीर लोह मोकळं फिरू देत नाही, ट्रान्सफेरिनसारख्या प्रोटीनला बांधून ठेवतं, आणि जंतू शिरला की आणखी लपवतं, कारण जंतूला वाढायला लोह लागतंच. घटसर्पाचा जिवाणू काय करतो, तर लोहाचा तुटवडा हीच खूण धरतो की आपण शरीरात पोचलो. लोह भरपूर असेल तोवर एक प्रोटीन विषाच्या जनुकावर ठाण मांडून बसलेलं असतं, लोह कमी झालं की ते उठतं आणि विष बनायला लागतं. लोह जास्त असलं की घटसर्पाचं विष बनत नाही हे १९३६ सालीच माहीत झालं होतं, जनुक म्हणजे नेमकी काय वस्तू हेही तेव्हा धड कळलेलं नव्हतं. घटसर्पाची लस या विषापासूनच तयार होते, त्यामुळे लस बनवणाऱ्यांना आपल्या माध्यमात लोह किती आहे यावर आजही बारीक नजर ठेवावी लागते. (आणखी विचित्र म्हणजे ते विषाचं जनुक मुळात त्या जिवाणूचं नाहीच, एका व्हायरसने त्याच्यात आणून ठेवलेलं आहे, पण कुलूपकिल्ली जिवाणूच्या हातात. असो, तो वेगळा विषय.)

आता कोणी विचारेल की बाबा, शरीराच्या आत कुठलं जीन चालू आहे हे बाहेरून कळतं कसं, आत जाऊन कोण बघतंय? तर यावर १९९३ साली साल्मोनेलावर जी युक्ती केली गेली ती मला आजही जादूच्या प्रयोगासारखी वाटते. करणारे महान, स्लॉच आणि मेकालॅनोस. (पहिल्याचं आडनाव मराठीत लिहिलं की आपोआप महान होतं, त्याला माझा इलाज नाही.) त्यांनी काय केलं, साल्मोनेलाचं प्युरिन (डीएनएचा एक घटक) बनवायचं जनुक काढून टाकलं. प्युरिन नाही तर डीएनए नाही, आणि उंदराच्या शरीरात ते पुरेसं आयतं मिळत नाही, म्हणजे असा साल्मोनेला उंदरात मरणार हे नक्की. मग साल्मोनेलाच्याच डीएनएचे हजारो बारीक तुकडे केले आणि प्रत्येक जिवाणूत एकेक तुकडा त्या प्युरिनच्या जनुकापुढे बसवला, आणि त्या जनुकाला स्वतःचा स्विच ठेवलाच नाही. म्हणजे पुढे बसवलेल्या तुकड्यात एखादा स्विच असेल आणि तो उंदराच्या आत चालू होत असेल तरच प्युरिन बनणार, तरच तो जिवाणू जगणार. हे सगळं मिश्रण उंदरात सोडलं, काही दिवसांनी जे जिवंत राहिले ते बाहेर काढून प्लेटवर लावले. पण नुसतं जगलेत एवढ्यावर काम भागत नाही, काही स्विच कायमच चालू असतात, आतही आणि बाहेरही. म्हणून त्या जनुकाच्या शेपटीला रंग देणारं दुसरं जनुक आधीच बांधून ठेवलं होतं. प्लेटवर जी कॉलनी रंगली तिचा स्विच बाहेरही चालू, ती बाजूला. जी फिकट राहिली ती खरी हवी असलेली, उंदरात चालू आणि प्लेटवर बंद! अशी थोडीच निघाली, पण त्यांनी हे सिद्ध केलं की रोग करताना जंतू जी जनुकं वापरतो त्यातली काही लॅबमध्ये आपल्याला कधी दिसलीच नसती.

पुढे साल्मोनेलाचं बरंच काही उलगडलं. आतड्यात असताना तो सुयांचा एक संच काढतो आणि त्याने पेशीत घुसतो. पेशीत शिरल्यावर एका पिशवीत अडकतो, तिथे आंबट वातावरण, मॅग्नेशियमची टंचाई, शरीराने सोडलेली जंतुनाशक पेप्टाइड. कोणाचंही डोकं फिरेल. तर तो याच गोष्टींची खूण धरतो. पीएचओपी आणि पीएचओक्यू नावाची जोडगोळी आहे त्याच्याकडे, एक आवरणावर बसून चाहूल घेतो आणि दुसऱ्याला सांगतो, दुसरा जाऊन जनुकं चालू-बंद करतो. मग पहिल्या सुया बंद होतात, दुसऱ्या जातीच्या सुया तयार होतात, आणि पोहायची शेपटी बनवणंही बंद, कारण शेपटीचं प्रोटीन आपली रोगप्रतिकारशक्ती लगेच ओळखते. आपण त्याला मारायला जे जे वापरतो तीच त्याची सूचनाघंटा. मला हे वाचून जंतूचा राग यायचा खरं तर, पण कौतुकही वाटायचं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे हेडिंगने नुकसान काय झालं. रिपोर्टच्या खिडकीवर मी बरीच वर्षं बसलो. टीबीचा पेशंट किंवा त्याच्या घरचं कोणी यायचं, रिपोर्ट दाखवायचं आणि विचारायचं, ‘सगळ्या औषधांना सेन्सिटिव्ह आलंय ना, म्हणजे जंतू मरतोय ना, मग सहा महिने गोळ्या कशाला?’ प्रश्न शंभर टक्के रास्त होता आणि मी प्रत्येक वेळी ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून मोकळा व्हायचो, कारण खिडकीच्या भोकातून दोन वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतंच.

उत्तराचा मोठा भाग इथेच आहे. प्लेटवर टीबीचा जिवाणू खाऊनपिऊन वाढत असतो (म्हणजे त्याच्या हिशोबाने, ई. कोलाय २० मिनिटात दुप्पट होतो, याला २० तासांच्या आसपास लागतात). फुप्फुसातल्या गाठीत ऑक्सिजन कमी, वरून शरीराने सोडलेलं नायट्रिक ऑक्साइड. अशा वेळी डॉसआर नावाचा एक नियंत्रक जागा होतो आणि जवळपास ५० जनुकं एका झटक्यात चालू करतो, जिवाणू वाढ थांबवतो, साखरेऐवजी शरीरातल्या चरबीवर आणि कोलेस्टेरॉलवर गुजराण करायला लागतो आणि पडून राहतो. आता आयसोनियाझिडसारखं औषध काम कसं करतं, तर नवीन पेशीभित्तिका बनवायचं काम हाणून पाडतं. जो भिंत बांधतच नाहीये त्याला भिंतीचं काम थांबवून काय फरक पडणार? तो मरत नाही. रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा, झाला म्हणून नाही, पडून आहे म्हणून. उद्या तो उठला आणि वाढायला लागला की तेच औषध त्याला तितकंच लागू पडतं. म्हणून इतके महिने गोळ्या चालू ठेवायच्या, जो जो उठेल तो तो मेला पाहिजे, आणि जोडीला पडून राहिलेल्यांवरही चालणारी औषधं द्यायची. रिपोर्ट खोटा नसतो, रिपोर्ट वाढत्या जंतूचा असतो. औषधाने न मरणाऱ्या पण रेझिस्टंटही नसलेल्या अशा जंतूंना ‘पर्सिस्टर’ हे नाव जोसेफ बिगर यांनी १९४४ सालीच दिलं होतं, पेनिसिलीन नवंनवं होतं तेव्हा.

आता तुमचं हेडिंग वाचलेला माणूस काय समजणार? की शरीरात गेला की जंतूची जनुकं बदलतात, मग औषध चालत नाही, मग गोळ्या खाऊन तरी काय उपयोग. म्हणजे गोळ्या चालू ठेवायचं जे कारण आहे तेच गोळ्या सोडायचं कारण होऊन बसलं! आणि खरा रेझिस्टन्स, म्हणजे खरोखर जनुक बदलून येणारा, तो येतो कशाने, तर कोर्स अर्धवट सोडल्याने त्याला वाव मिळतो. म्हणून मी एवढा तळमळतोय.

सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ते बघायची, प्लेट कशी असते तेही सांगतो, म्हणजे अंतर लक्षात येईल. (टीबीची तपासणी वेगळी असते, ही नेहमीच्या भराभर वाढणाऱ्या जंतूंची.) म्युलर-हिंटन अगर नावाचं जेलीसारखं खाद्य, पीएच ७.३ च्या आसपास, त्यावर जंतूची गादी, वर औषधाच्या छोट्या गोल चकत्या, रात्रभर ३५ डिग्रीला, सकाळी चकतीभोवती जो स्वच्छ गोल पडतो तो पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा. हजारो मोजलेत. टेस्ट चांगली आहे, जगभर चालते, तिच्याशिवाय डॉक्टर आंधळे, त्यामुळे उगाच तिच्यावर अविश्वास नको. पण त्या प्लेटवर ना आंबट पिशवी असते, ना लोहाची टंचाई, ना मागे लागलेल्या पांढऱ्या पेशी. त्यामुळे शरीरासारख्या वातावरणात जंतू वाढवून औषधं तपासायचं काम आता सुरू झालंय आणि त्यात काही औषधांचे निकाल प्लेटपेक्षा वेगळे येतात, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला बातमीच हवी होती तर ही बातमी होती.

कॉलराचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००२ साली एक अभ्यास आला, ढाक्यातल्या पेशंटच्या जुलाबातून बाहेर पडलेले जंतू आणि तेच जंतू लॅबमध्ये वाढवलेले, यांची उंदराच्या पिल्लांमध्ये शर्यत लावली. माणसातून आलेले कितीतरी पटीने वरचढ निघाले, आणि तळ्याच्या पाण्यात काही तास राहूनही त्यांचा तो जोर टिकून होता. पण कायमचा नाही, तात्पुरता. म्हणजे जंतू माणसातून बाहेर पडताना काही काळ आतल्याच वेशात असतो, त्या वेळात पुढच्या माणसाला गाठला तर संपलंच. साथ भडाभडा का पसरते याचं एक कारण यात दिसतं. इथेही जनुक बदललेलं नाही.

आणि हो, उलटा प्रकारही आहे, जंतू आपल्या पेशींची जनुकं चालू-बंद करतात, तुमच्या बातमीत याचं नावच नव्हतं. भातावर कडा करपा आणणारा झँथोमोनास सुईतून एक प्रोटीन रोपाच्या पेशीत सोडतो, ते सरळ रोपाच्या डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतं आणि साखर बाहेर सोडणारं जनुक चालू करतं, म्हणजे घरच्यांकडूनच कोठार उघडून घ्यायचं. हे प्रोटीन जागा कशी ओळखतं त्याची लिपी २००९ साली उलगडली आणि त्यातूनच जनुकं कापायचं एक हत्यार तयार झालं. माणसात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला आपलं एक एन्झाइम पेशीच्या केंद्रकात पाठवतो, डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनवर गुंडाळलेला असतो त्यावर खूण मारून बचावाची जनुकं दाबून टाकतो. इथेसुद्धा माणसाच्या डीएनएची अक्षरं तीच राहतात.

आता हे सगळं एकत्र बघायची सोय झालीय, जंतू आणि पेशी दोघांचंही आरएनए एकाच नमुन्यातून वाचतात, २०१२ नंतर हे वाढत गेलं. सोपं मात्र नाही. माणसाच्या एका पेशीत जेवढं आरएनए असतं त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी एका जिवाणूत, त्यातलंही बहुतेक निरोपाचं नसतंच, आणि जो निरोप असतो तो काही मिनिटात विरतो. नमुना घेतल्यावर टेबलावर ठेवून कोणाशी बोलत बसलात तर तुम्ही जे वाचाल ते जंतू शरीरात काय करत होता ते नाही, टेबलावर काय करत होता ते.

पत्र लांबलंय, कल्पना आहे, काटछाट करा, लिस्टेरिया काढला तरी चालेल, पण टीबीचा भाग कृपया काढू नका. आणि जमल्यास छोटीशी का होईना दुरुस्ती छापा, ‘जनुकं बदलतात’ ऐवजी ‘जनुकांचं काम बदलतं’, फक्त एक शब्द जास्त लागतो.

जाता जाता, बातमी जिवाणूंची होती आणि सोबत छापलेलं ते काटेरी चेंडूचं चित्र कोरोनाचं आहे. तो विषाणू.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन